तारेला मारलेली गाठ

बाबा,

मी बोलतेय आणि नात लिहितेय. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला काय, मुंग्यांची रांग आणि तिचं अक्षर सारखंच. बसल्या बसल्या तिने विचारलं, "आजी, पत्ता काय घालू?" म्हटलं, तू मजकूर घे, पत्त्याचं मी बघते.

परवा माळा झाडताना तुमचा सेट खाली आला. नात म्हणाली, "जुना रेडिओ आहे का गं?" मी म्हटलं, रेडिओ नुसता ऐकवतो, हा बोलतोही. आणि हा मी बांधलाय. ती अशी हसली की मला तुमची आठवण झाली. साक्षीदार तुम्ही आणि आई, आणि दोघंही कधीचे गेलात. म्हणून हे लिहून घेतेय, निदान लिहिताना तरी तिला ऐकावं लागेल.

तेव्हा मिलचा संप लांबत चालला होता. तुम्ही मिलच्या इलेक्ट्रिक खात्यातले वायरमन, मी वाइंडिंगला सूत गुंडाळणारी, बाप-लेक दोघंही घरी. नवरा गावी शेताला लागला, मी पोराला घेऊन लालबागला तुमच्या खोलीत आले. गॅलरीत बाहेर पडलं की जो तो एकच विचारायचा, कधी मिटणार? म्हणून तुम्ही गॅलरीत जाणं सोडलंत. मग हळूहळू घरात बोलणंही सोडलंत. चहा झाला तर मान हलवायची, नाही झाला तरी तीच मान. आई म्हणायची, याच्यापेक्षा मोरीतला नळ बरा, सकाळी तरी आवाज करतो.

पूर्वी तुमच्याकडे एक बिनतारी सेट होता, हौशी लोकांना मिळतो तसा सरकारी लायसनचा, तो जळून गेलेला. त्यावर तुम्ही कुठल्या कुठल्या गावच्या माणसांशी बोलायचात. मी लहानपणी विचारलं होतं, एवढं काय बोलता? तर म्हणालात, "तिकडची हवा कशी, माझा आवाज कसा येतो, एवढंच. राजकारणाला तिथे बंदी." तेव्हा मला हे खुळं वाटलेलं. संपात कळलं, संपाबद्दल न विचारणारी माणसं सबंध लालबागेत नव्हती, फक्त त्या सेटवर होती.

तुमचे सेटवरचे एक माटुंग्याचे दोस्त एक दिवस बिस्किटाच्या डब्यात सुटे भाग घालून घेऊन आले. सगळा सेट त्या डब्यात, फक्त जोडायचा. तुम्ही डबा हलवून बघितलात आणि बाजूला ठेवलात. डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापणारे. ते गेल्यावर मी डबा पाटावर उपडा केला. तुम्ही ओरडलात, "हात लावू नको, वाचता येत नाही तुला." कितीतरी दिवसांनी निघालेलं पहिलं वाक्य, तेही असं. मी म्हटलं, यांच्यावर अक्षरं कुठे आहेत, नुसते रंगाचे पट्टे आहेत. डब्यातून पडलेला जोडणीचा नकाशा तुम्ही भिंगाखाली धरलात. मग म्हणालात, "बरं, तपकिरी, काळा, लाल असा एक शोध." रंगांनी सूत ओळखण्यात माझा जन्म गेलेला. शोधला.

मग आपला उद्योगच झाला तो. आईच्या बशा-वाट्या भागांनी भरलेल्या, स्वयंपाकघरात राळेचा वास, आणि आई विचारतेय, "आमटी कशात वाढू, तुमच्या डोक्यात?" तुम्ही भिंगातून नकाशा वाचता, मी तापल्या कथलाचा डाग देऊन जोडते. डाग फुगला की तुम्ही बोटाने चाचपून म्हणता, "हा काय गो, मोदक केलास?"

सगळं जुळलं आणि सेट मुका. नुसती घरघर. तुम्ही पुन्हा पुन्हा बोटं फिरवलीत, काही सापडेना. माटुंगेकरांनाही बोलावू दिलं नाहीत. शेवटी सेटवर पंचा टाकलात आणि भिंतीकडे तोंड करून पडलात. मान हलवणंही बंद. आई माझ्याकडे बघायची नाही. मला वाटलं, आधी नुसते मुके होते, मी आशा दाखवून आणखी आत ढकललं.

एका रात्री जेवायला हाक मारली तर उठलात ते सरळ सेटपाशी. अंगठीएवढ्या कड्यावर मी तांब्याची तार गुंडाळली होती, तिच्यावरून बोट फिरवत विचारलंत, "हे गुंडाळताना तार तुटली होती काय गो?"

"तुटली होती. पण मी गाठ मारली. टोकं अशी कापलीत की आमच्या खात्याच्या मास्तरला सापडायची नाही. तुम्हाला लागली का बोटाला?"

तुम्ही पुन्हा गाठीवर बोट नेलंत. मग खांदे हलायला लागले. मी घाबरले, आई पळी घेऊन बाहेर आली. तुम्ही हसत होतात. डोळ्यांतून पाणी. "अगो बाय, ते सूत न्हय. तारेवर लाखेचा थर असतो, तो खरवडून डाग द्यायचा. गाठीतून वीज जाईल कशी?" मला राग आला. मिलमध्ये सूत तुटलं की गाठच मारतात, दुसरं काय करतात? मग तुम्ही आईला सांगितलंत, शेजारी सांगितलंत, गॅलरीत जाऊन सांगितलंत. संपाचं विचारायला आलेले माझी गाठ ऐकून परत गेले.

रात्रीच तार खरवडून मी डाग दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेटवर नागपूरचे एक निवृत्त पोस्टमास्तर सापडले. बाहेर तुमच्या एरियलच्या तारेवर शेजारणीचा परकर वाळत होता तरी सापडले. तुम्ही ताठ बसून म्हणालात, "सेट नवा आहे. मुलीने बांधलाय." पुढे रोजचंच झालं ते. मला तोंडावर कधी बरं केलंस म्हणाला नाहीत. त्यांना मात्र सांगायचात, मुलीचा हात हलका आहे, नजर तेज आहे, हिला मी शाळेत घालायला हवी होती. मी मागे पाठ करून तांदूळ निवडत असायचे, आणि तुम्हाला वाटायचं, ही कामात आहे, हिला कुठे ऐकू जातंय.

नात विचारतेय, आता तरी पत्ता सांग. राहू दे म्हटलं, घडी घालून माझ्या उशाशी ठेव. आणि शेवटी एवढं लिही, की ते तांदूळ आदल्या दिवशीच निवडून झालेले असायचे.