लाल सपाता

कोल्हापूर,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. मनाली हिस,
केरबामामाचा सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

भाची बेंगळुरात पीएच.डी. करते आणि मामा अजून पत्रं लिहितो, म्हणून हसू नकोस. फोनवरचं बोलणं कुणीही नाकबूल करतो. कागदावर तारीख असते.

तर तारखेनिशी ऐक. विजयसिंह सरांचा निबंध गेल्या एप्रिलात छापून आला होता, त्याला आता बक्षीस मिळालं. सोमवारी लॅबमध्ये पेढे वाटले. लष्करी अळीच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, अळीला मारणाऱ्या विषाणूत कोंबड्यांच्या रोगाचा जीन बसवायचा आणि तो विषाणू पेशींत सोडायचा. मरता मरता पेशी आपल्याला हवं ते प्रथिन बनवून जातात आणि त्यावर रोगाची चाचणी करता येते. तुला हे सांगायला नको. पण दहावीपुढं मला कुणी शिकवलं नाही, हे मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो, म्हणून लिहायला बरं वाटतं. त्या पेशी सहा वर्षं मी सांभाळल्या. तुझ्या आजोबांच्या जलदान विधीच्या दिवशीसुद्धा सकाळी सातला त्यांना खाणं घालून मगच आजऱ्याची गाडी धरली.

निबंधावर नावं दोन. एक सरांचं आणि दुसरं त्यांच्या पुतण्याचं, विश्वजितचं. हा पठ्ठ्या वर्षात अकरा वेळा लॅबला आला. मी मोजलंय. माझं नाव नाही. पेढे वाटताना सर पाहुण्यांदेखत म्हणाले, आमच्या केरबाचे हात म्हणजे बाटल्या धुवायला सोन्याचे.

मनाली, मी सूड आधीच उगवलाय. निबंधाचा कच्चा मसुदा टेबलावर पडला होता, त्यात मी नावं वाचली. त्याच दुपारी सरांनी फोन कानाला लावून, मान वर न करता मला निबंधात घालायची एक गोष्ट विचारली आणि मी खोटं सांगितलं. कुठली ते तुलाही सांगणार नाही. इथं काम मी करतो, म्हणून इथं सगळं बरोबर येतं. पण जो कुणी तो निबंध पुढ्यात ठेवून करायला जाईल, त्याच्या बाटलीत नुसता चुरा येईल आणि तो सरांच्या नावानं बोटं मोडील. मोडू दे देशभर.

सरांना संशय येणार नाही. मागच्या खोलीत विषाणू असतो, तिथं लाल सपाता घालून जायचं. पुढच्या खोलीत पेशी, तिथं निळ्या. लाल सपाता घालून कुणी पुढच्या खोलीत गेला, तर सगळ्या पेशी मेल्याच समज. सरांना बूट काढायचा कंटाळा. सहा वर्षांत मागच्या खोलीचं तोंड त्यांनी बघितलेलं नाही.

तब्येतीला जप. मामावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा मामा,
केरबा

बेंगळुरू,
दि. २० जानेवारी २०२५

ती. केरबामामास,
सविनय जयभीम. वि. वि.

मामा, ती बोटं मोडणारी मी आहे.

जूनपासून तो निबंध माझ्या टेबलावर आहे. लम्पीच्या चाचणीसाठी मला असंच एक प्रथिन करायचं आहे. दुसऱ्याही पद्धती होत्या, पण मी हीच घेतली, कारण नाव कुणाचंही असलं तरी त्यातले हात तुमचे आहेत हे मला ठाऊक होतं. माझ्या गाइड मॅडमना मी तसं छाती फुगवून सांगितलंही. तुम्हाला कळवलं नाही. जमलं की एकदमच सांगायचं होतं.

सात महिने चुरा येतोय. चाचणीत एक ठसठशीत पट्टी उमटायला हवी, तिथं शिडीसारख्या दहा उमटतात. पेशी बदलल्या, विषाणू तीनदा नव्यानं वाढवला. माझे हात थरथरतात की काय म्हणून डॉक्टरलाही दाखवून आले. मॅडमनी ३१ मार्चची मुदत दिली आहे. तोवर जमलं नाही तर विषय बंद, म्हणजे माझी पीएच.डी.ही बंद.

कुठली गोष्ट, तेवढं लिहा. बाकी काही लिहू नका.

लोभ असावा, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

मनाली

आजरा,
ता. २५ जानेवारी

केरबास शालनआक्काचा जयभीम.

पोरीचा फोन आलता. रडत हुती. मला तुमच्यातलं काय बी कळत न्हाय, पर चुरा कळतो. काजूच्या कारखान्यात ईस वर्सं गर सोलतीया मी. अख्खा गर कुठला आन् तुकडा कुठला, मला शिकवू नगंस. आमी बी मालकाला शिव्या घालतो की. पर त्याचा राग म्हणून शेजारणीच्या पाटीत खडं टाकत न्हाय. तू टाकलंस, ते बी भाचीच्या.

ल्हानपणी एक अक्षर वाकडं आलं तर अख्खी पाटी पुसायचास तू. आता पूस.

जेवत जा येळेवर. राग हाय, पर माया बी हाय.

तुजी आक्का

कोल्हापूर,
दि. २८ जानेवारी २०२५

चि. मनाली हिस,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

एकवीस.

विषाणू सोडल्यावर पहिले चोवीस तास सत्तावीस अंश. मग यंत्र एकवीसवर आणायचं आणि शेवटपर्यंत तिथंच ठेवायचं. सरांनी विचारलं, तापमान सगळीकडं सत्तावीसच ना? मी म्हटलं, व्हय. तेवढा एक शब्द.

१८ डिसेंबर २०२१, शनिवार. लाइट गेली, जनरेटर धरेना. मागची खोली गार पडत पडत एकवीसवर आली. सरांनी फोनवर सांगितलं, बाटल्या फेकून दे. मी आधी तपासल्या. त्या खेपेला पहिल्यांदा प्रथिन अख्खं आलं. गारव्यात पेशी सावकाश मरतात, लवकर फुटत नाहीत, त्यामुळं त्यांच्या पोटातली पाचकं प्रथिनाला कुरतडत नाहीत. हे मी कुठं वाचलं नव्हतं. पुढं एका पुस्तकात सापडलं, तेव्हा ते पुस्तक बरं आहे असं माझं मत झालं.

माझी वही सोबत आहे, पानं ११२ ते १३१ बघ. अक्षर स्वच्छ आहे, अडणार नाही.

तू हातांसाठी डॉक्टरकडं गेलीस, ते वाक्य मी चारदा वाचलं. ज्याच्यासाठी सापळा लावला तो बक्षीस घेऊन हिंडतोय आणि आत घरचंच पिल्लू सापडलं.

काम कर, पण कुठं बोलू नकोस. सरांचं सत्तावीस तसंच राहू दे. हैदराबादची एक कंपनी ही पद्धत विकत घ्यायला येणार आहे. घेऊ दे. तिथंही चुरा होऊ दे. सरांना मी सोडलेलं नाही.

रागावलीस तरी मामा म्हणत जा.

केरबा

बेंगळुरू,
दि. १० मार्च २०२५

ती. केरबामामास,
सविनय जयभीम. वि. वि.

पट्टी आली. एकच, तुमच्या अक्षरासारखी. मॅडमनी विषय चालू ठेवला. तुमची वही त्या दोन दिवस घरी घेऊन गेल्या होत्या. परत देताना म्हणाल्या की आमच्या विद्यार्थ्यांना अशी वही लिहायला शिकवायला या माणसाला बोलवा.

आता मुद्द्याचं. निबंध छापणाऱ्या मासिकाला आम्ही दुरुस्तीची टीप पाठवतोय. तिच्यावर पहिलं नाव तुमचं, केरबा धोंडी कुरणे. पण एक अट आहे, आणि ती मॅडमची नाही, माझी. सत्तावीस हा आकडा तुम्ही जाणूनबुजून खोटा सांगितला, हेही टिपेत लिहायचं. माझ्यासारखे आणखी कुणाकुणाचे महिने वाया गेले असतील, त्यांना खरं कळायला हवं. तुमचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापलं जाईल आणि त्याच्याखालीच तुमचा खोटेपणा. नको असेल तर नको म्हणा. मग टीप जाईल, पण तुमच्या नावाशिवाय.

अंमळ विचार करून उत्तर द्या. माझा लोभ परत आलाय.

तुमची मनाली

कोल्हापूर,
दि. १५ मार्च २०२५

चि. मनालीस जयभीम.

पाटी पुसायची तर सगळी पुसायची. लिही. फक्त ‘चुकून’ हा शब्द कुठं घालू नकोस. मी चुकलो नव्हतो.

केरबा

आजरा,
दि. ४ जून २०२५

चि. मनाली हिस,
केरबामामाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

वरचा पत्ता बघून दचकू नकोस. नोकरी गेली. ती जाणारच होती. निघताना सकाळी सातला पेशींना खाणं घातलं. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. टीप छापून आली. आक्कानं ती माझ्याकडून मराठीत दोनदा सांगून घेतली आणि खोटं बोलला हे वाक्य तिसऱ्यांदा. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढंच ऐकवते.

मासिकानं टीप छापायच्या आधी सरांना उत्तर मागितलं होतं. सरांनी कळवलं की केरबा बाटल्या धुतो, त्याला कोण विचारतंय. सत्तावीस मी ठरवलं आणि सगळं काम माझ्या हातचं आहे, असंही सरांनीच लिहून दिलं. मी हसलो. आकडा सरांचा असेल तर चूक सरांची. आकडा माझा असेल तर काम माझं. पळायला तिसरं दार मी ठेवलंच नव्हतं.

परवा सोमवारी कंपनीचे तिघे आले. त्यांच्या हातात आपली टीप आणि सरांचं उत्तर, दोन्ही होतं. त्यांनी सरांना सांगितलं, तुमच्या हातानं करून दाखवा, आम्ही बघतो. सगळी वरात मागच्या खोलीच्या दाराशी आली. पुढं सर, मागं विश्वजित, पाहुणे, लॅबच्या पोरी. नोटिशीप्रमाणं तो माझा शेवटचा दिवस. चाव्या द्यायला मी तिथंच उभा होतो.

सरांनी बूट काढले. सहा वर्षांत पहिल्यांदा. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. भिंतीशी दोन जोड ठेवलेले, एक लाल, एक निळा. सरांचा पाय उचलला तो उचललेलाच राहिला. आधी निळ्यावर गेला, मग लालवर, मग खाली. पाहुण्यांची पेनं थांबली. शेवटी सर माझ्याकडं वाकले आणि बारीक आवाजात विचारलं, केरबा, ह्यातल्या कुठल्या रे?

एका पोरीनं हसू दाबायला तोंडात ओढणी धरली.

मी चाव्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, निबंधात लिहिलं असंल की, सर.

येताना वही घेऊन ये, मूळ प्रत माझ्याकडं लागते. मामावर जीव आहे तेवढा असू दे, वाढला तरी चालेल.

तुझा मामा,
केरबा धोंडी कुरणे