दार म्हटलं की खिडकीकडे

आबा, आज वर्गात नव्याने आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "मॅडम, चार दिस झालं, तुमी आमाला बोलूच देत न्हाय. आमी इंग्लिश बोलायला आलोय का नुसत्या उठाबशा काढायला?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. इंदापुरातल्या माझ्या वर्गात प्रत्येक तुकडीत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे: आधी कान, मग हातपाय, तोंड सगळ्यात शेवटी. पण या बाई चिवट. वर्ग सुटल्यावर मी फळा पुसत होते, तर मागून येऊन म्हणाल्या, "पन पद्धत झ्याक हाय हां. कुठं शिकलात तुमी ही?" मी उत्तर दिलं, त्या "अस्सं" म्हणाल्या आणि गेल्या. घरी येऊन चहासुद्धा न टाकता मी ही वही घेऊन बसले आहे. काय उत्तर दिलं ते सांगतेच, पण आधी मागचं सगळं नीट सांगू द्या. ऐकता ऐकता मध्येच उठून म्हशींकडे जायची तुमची सवय होती, तसं आज करायचं नाही.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा. मेंढरं विकून आपल्याला बरीच वर्षं झाली होती. वरकुट्याला थोडा ऊस, दोन म्हशी, आणि घरात बी.ए. झालेली एक मुलगी, म्हणजे मी. मामाने स्थळ आणलं होतं. तुम्ही त्याला ओट्यावर बसवून चहा पाजलात आणि म्हणालात, "एक वरीस थांब. पोरगी बारामतीला नोकरी करनार हाय." नोकरी तेव्हा कुठेच नव्हती, ती आधी तुमच्या तोंडात आली आणि मग मला ती शोधावी लागली. एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात परदेशी यंत्रं येणार होती. ती बसवायला तिकडची माणसं येणार, तर आपल्या कामगारांना 'उघडा', 'थांबा', 'हळू' एवढं तरी इंग्रजीतून कळावं आणि बोलता यावं, असं तिथल्या साहेबांच्या मनात होतं. "सहा आठवडे देतो," साहेब म्हणाले. "जमलं तर तुम्हाला ठेवून घेऊ. नाही जमलं तर ही मंडळी क्रेट धुवायला जातील आणि यंत्रावर बाहेरची पोरं आणावी लागतील." तुम्ही मागून घेतलेलं माझं वर्ष आणि तीस माणसांची यंत्रावरची जागा, सगळं त्या सहा आठवड्यांवर येऊन ठेपलं.

पहिल्या दिवसापासून तुम्ही माझ्याबरोबर एसटीने यायला लागलात. "तीस गडी आन एकटी पोर," एवढंच कारण दिलंत. पहिली पाळी सुटली की कॅन्टीनमध्ये वर्ग भरायचा आणि तुम्ही दाराबाहेरच्या बाकावर, खांद्यावर घोंगडं टाकून बसायचात. एवढ्या उन्हात घोंगडं कशाला, म्हणून विचारलं तर म्हणालात, "आंगाला सवं हाय." मला त्या घोंगड्याची लाज वाटायची. हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

कॉलेजात मला जसं शिकवलं तसंच मी शिकवायला लागले. फळाभर काळांचा तक्ता, खाली त्याचे नियम, नियमाखाली अपवाद. सोमवारी तीस जण होते, गुरुवारी अकरा. त्या अकरांत सांगवीचे एक तात्या होते, दूध थंड करायच्या यंत्रावर निम्मं आयुष्य काढलेले. मी त्यांना उभं करून इंग्रजीतून नाव विचारलं. त्यांचे कान लाल झाले, कपाळावर घाम आला, आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "बाई, मशीन उघडायला सांगा, डोळं झाकून उघडतो. ह्ये तोंड उघडायचं काम आपल्याच्यानं हुनार न्हाय." दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत.

त्या संध्याकाळी एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तुम्ही पानाची चंची सोडून सुपारी कातरलीत. मग विचारलंत, "बाजारातनं नवी मेंढी आनली, तर ती आपली हाळी कशी शिकायची, ठावं हाय का तुला?" मला कुठलं ठाऊक असायला. कळप कोकणातून परत यायचा तेव्हा तुम्ही मला घोड्यावर, भांड्यांच्या बोजावर बसवायचात, तेवढंच मला आठवतं. तुम्ही म्हणालात, "तिला जुन्या मेंढीच्या आंगाला चालवायची. आपन हाळी द्याची. जुनी वळली का तिच्यासंगं नवी वळती. आठ-धा दिसांत आपली आपन वळाय लागती. कालची हाळी मुरली असंल तरच आज नवी द्याची. चुकली तर वरडायचं न्हाय, तीच हाळी परत द्याची. आन तिला कुनी इचारतं व्हय, सांग बाई, ह्या हाळीचा अर्थ काय?"

"आबा, ती मानसं हायती, मेंढरं न्हाईत," मी फणकाऱ्याने म्हटलं.

तुम्ही रागावला नाहीत. "न्हाईतच. मेंढरू चुकलं तर लाजत न्हाय, मानूस लाजतंय. म्हनून मानसाला जास्त दिस गप ऱ्हाऊ द्यावं."

त्या वेळी मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. जुनी मेंढी म्हणून तुम्हालाच घ्यायचं ठरवलं. एसटीत तुमची शिकवणी सुरू झाली. मी हळूच 'स्टँड अप' म्हणायची आणि तुम्ही उठायचात. एकदा तुम्ही असे उठलात आणि तेवढ्यात एक म्हातारी पटकन तुमच्या जागेवर बसली. मी किती वेळा 'सिट डाऊन' म्हटलं, पण बसणार कुठे? थेट बारामतीपर्यंत उभे आलात, आणि उतरताना म्हणालात, "हिला बी शिकव ही हाळी." मी पोट धरून हसले. आजही एसटीत कुणी जागा सोडून उठलं की मला तुम्ही दिसता.

मग मी तात्यांच्या यंत्राजवळ जाऊन त्यांना सांगितलं, उद्यापासून वर्गात बोलायला बंदी आहे, कुणाला काही विचारणार नाही. ते आले आणि त्यांच्यामागून बाकीचेही आले. फळ्याला मी हात लावला नाही. तुम्हाला आत घेतलं, मधोमध खुर्ची ठेवली. मी सांगते आहे, तुम्ही उठता, चालता, दार उघडता, कॅन उचलता, आणि तुमच्या मागोमाग तीस माणसं उठताहेत, चालताहेत, कॅन उचलताहेत. एका दिवशी चारच नवे शब्द. आदल्या दिवशीचे चार कुणाचे अडखळले तर नवे नाहीत. दहा दिवसांत मी मराठीचा एक शब्द न उच्चारता सगळा वर्ग कॅन्टीनभर फिरवत होते. खरं सांगायचं तर मला स्वतःचंच फार कौतुक वाटायला लागलं होतं.

घोडं अडलं ते पुढे. आता आज्ञा त्यांनी द्यायच्या, एकमेकांना. एका तरुण कामगाराला मी तात्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, यांना बसायला सांग. त्याने तात्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बाई, तात्यास्नी असं कसं म्हनू? आपल्यात 'बस' हाय, 'बसा' हाय. ह्येंच्यात सगळ्यास्नी एकच. माझ्या बापाच्या वयाचं हायती ते." पुस्तकात याला कुठेच उत्तर नव्हतं. मी 'प्लीज' शिकवून पाहिलं, पण तेवढ्याने कुणाचं समाधान होईना. कुणी वडीलधाऱ्याला आज्ञा करेना, आणि वर्गात निम्मे तरी कुणा ना कुणाला वडीलधारे. तीन दिवस नुसती शांतता. साहेब एकदा दारातून डोकावले, घड्याळ बघितलं आणि गेले. दोन आठवडे उरले होते. मी मनातल्या मनात लग्नाची तयारी करायला लागले.

चौथ्या दिवशी तुम्ही न सांगता खुर्चीवर येऊन बसलात. "मला सांगा," म्हणालात. "मी वरकुट्याचा. हितं कुनाचा काका न्हाय, मामा न्हाय." तरी त्या तरुणाने दोन्हीकडून आदर लावून, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "आबा, गो टू द डोअर, आबा." तुम्ही उठलात आणि सरळ खिडकीकडे चालत गेलात. वर्गात चुळबुळ झाली. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तुम्ही खिडकीची कडी काढायला लागलात. मला घाम फुटला, कारण दार हा तुमचा पहिल्या दिवसाचा शब्द. आणि तेवढ्यात मागून तात्या ओरडले, तेच तात्या, ज्यांच्याच्यानं तोंड उघडणं होणार नव्हतं. "नो, नो, आबा! डोअर! नॉट विंडो! डोअर!" मग सगळाच वर्ग ओरडायला लागला. तुम्ही भांबावल्यासारखं तोंड करून दाराऐवजी आता मोरीकडे निघालात आणि तीस माणसं तुम्हाला इंग्रजीतून थांबवायला लागली. कॅन्टीनचा आचारी झारा घेऊन बाहेर आला. लाज कुठल्या कुठे गेली. कोण थोरला, कोण धाकटा, कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

परतताना मी विचारलं, "आबा, मुद्दाम चुकलात ना?" तुम्ही चंची सोडत म्हणालात, "सांगनाऱ्याचं काम सोप्पं नसतं पोरी. पन कुनी चुकाय लागलं, तर मानसाला गप ऱ्हावत न्हाय." तेव्हापासून आजपर्यंत माझ्या प्रत्येक वर्गात मी रोज एकदा तरी दार म्हटलं की खिडकीकडे जाते. आजही गेले होते.

शेवटच्या दिवशी साहेब आले, बरोबर मुख्य कचेरीतले एक मोठे साहेब, टाय लावलेले. तात्यांनी यंत्राजवळ उभं राहून इंग्रजीतून सूचना घेतल्या आणि दिल्या. झडप हळू बंद करा, थांबा, आता उघडा. तुम्ही मदतनीस म्हणून त्यांचं ऐकत होतात आणि त्या दिवशी एकदाही चुकला नाहीत. शेवटी तात्यांनी तुम्हाला खिडकीशी उभं राहायला सांगितलं, 'प्लीज आबा' म्हणून, आणि तुम्ही जाऊन उभे राहिलात. मोठे साहेब खूश झाले. माझा हात हातात घेऊन त्यांनी इंग्रजीतून विचारलं, ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात?

तुम्ही माझ्यापासून चार पावलांवर होतात. खांद्यावर तेच घोंगडं. मी त्या घोंगड्याकडे पाहिलं, त्यांच्या टायकडे पाहिलं आणि इंग्रजीतून म्हटलं, "पुण्याला, सर. एक ट्रेनिंग कोर्स केला होता." ते म्हणाले, वा. नोकरी कायम झाली, तात्या आणि त्यांची माणसं यंत्रावरच राहिली. उगाच सबबी सांगत नाही, आबा. घाबरून किंवा गडबडीत तोंडून गेलं असंही नाही. मला तुमची लाज वाटली.

एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात. बाहेर ऊस मागे पडत होता. बरंच अंतर गेल्यावर, अगदी साध्या आवाजात विचारलंत, "पुन्याला कवा गेलतीस गं?"

मला एकदम कळलं. 'व्हेअर' मीच तुम्हाला शिकवलं होतं, 'लर्न' मीच शिकवलं होतं, आणि पुणं तर तुम्हाला कुणी शिकवायची गरजच नव्हती. तरीही मी म्हटलं, "कालिजात असताना. मैत्रिणींबरुबर." तुम्ही म्हणालात, "बरं." दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एसटीला तुम्ही माझ्या आधी फाट्यावर येऊन उभे होतात. वर्गात मी 'सिट डाऊन' म्हटलं आणि तुम्ही बसलात. तुम्ही पुढे कितीतरी वर्षं होतात, माझं लग्न माझ्या पसंतीने लावून दिलंत, नातवंडांना घोंगड्यात घेऊन बसलात, पण तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत. मीही काढला नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता फार दिवस झाले.

कॉलेजला जाऊन येणं सोडलं, तर लग्नाआधी मी कुठेही गेले ती तुमच्याबरोबर, तुमच्या शेजारच्या सीटवर बसून. कॉलेजच्या सहलीलाही तुम्ही पाठवलं नव्हतंत आणि त्यावरून मी दोन दिवस जेवले नव्हते. मी पुण्याला गेलेली नाही हे तुमच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी विचारलंत. मला वाटतं, मी चुकले होते आणि तुम्ही न ओरडता तीच हाळी पुन्हा दिली होती. मी वळले नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही, वहीतच राहील. फक्त त्या चिवट बाईंना काय उत्तर दिलं ते सांगायचं राहिलं. आबा, मी आजही पुणंच सांगितलं.