दूध काढायचा शर्ट

अब्बा,

काल दुपारी सुदानी चाचांचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून कधी फोन केलेला नाही, म्हणून त्यांचं नाव दिसताच मी आधी खाली बसले. ते म्हणाले, "बेटी, बायो खलास." तुमची उंटीण गेली, अब्बा. थकली होती, दात झिजले होते, चारा बारीक करून द्यावा लागत होता. सकाळी बसली होती ती उठलीच नाही म्हणे. मी फोन ठेवला आणि कुकर लावला. घरात कुणाला काय सांगायचं? एक उंटीण मेली म्हणून या वयाची बाई स्वयंपाकघरात रडते आहे, हे ऐकायला बरं दिसत नाही.

माझ्या लहानपणी तुम्ही आखातातून रजेवर घरी यायचात, तेव्हा तुमच्याआधी तुमचा वास आत शिरायचा. उंटाचा घाम, सुकं गवत, आंबूस दूध. अम्मी दारातच तुमचे कपडे उतरवून कढत पाण्यात टाकायची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी, पांढरे मोजे घालणारी. नाकाला रुमाल लावून मागच्या खोलीत पळायचे. तुम्ही ओटीवर बसून हसायचात. म्हणायचात, "याच वासावर तुझ्या सिस्टरांची फी भरतो मी, बायो." घरात मला सगळे नावाने हाक मारत. बायो म्हणणारे तुम्ही एकटेच.

लग्नानंतर मी शारजाला आले तेव्हा वाटलं, आता अब्बा जवळ. तुमचा इझबा, उंटांचा वाडा, तासाभराच्या रस्त्यावर. वाळूत तारेचं कुंपण, झावळ्यांची शेड, पाण्याची टाकी, उंट, शेळ्या, आणि तुम्ही दोघं, तुम्ही आणि सुदानी चाचा. पहिल्यांदा तिथे आले त्या दिवशी तुम्ही मला एक उंटीण दाखवलीत, अजून पिल्लूच होती, आणि लाजत म्हणालात, हिचं नाव बायो ठेवलंय. मी हसले. पण परतताना गाडीत मला कसंसंच झालं होतं. तुम्ही उजाडायच्या आधी उठून चारा घालायचात, उन्हातान्हात जनावरांमागे फिरायचात, टाकी धुवायचात, आणि तुम्हाला ते कष्ट वाटतच नव्हते. एका ईदला आग्रह करून तुम्हाला आमच्याकडे राहायला आणलं. तुम्ही बाल्कनीत बसून समोरच्या खाडीकडे बघत राहिलात. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणालात, "पाणी छान आहे. पण त्याला चारा घालता येत नाही." तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या मालकाच्या, अरबाबच्या ड्रायव्हरला बोलावून घेतलंत. निघताना जो चेहरा झाला होता, तसा आनंदी चेहरा मी माझ्या घरात तुमचा पाहिला नव्हता.

आणि मग ती सकाळ. तुम्ही दूध काढायला निघालात आणि बायोच्या पायाशी पडलात. आम्ही पोहोचेपर्यंत दफनाची सगळी तयारी झाली होती. दुपारच्या असरच्या नमाजनंतर पुरुष तुम्हाला घेऊन गेले, मी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर गाडीत बसून राहिले. मला तुमच्यावर माती टाकता आली नाही.

तीन दिवसांनी तुमचं सामान आणायला इझब्यावर आले. एक ट्रंक, एक रेडिओ, नमाज पढायची जानमाज. आणि शेडमधल्या खिळ्यावर तो निळ्या चौकड्यांचा शर्ट, दूध काढायच्या वेळी घालायचात तो. त्याला तुम्ही कधी साबण लावू दिला नाहीत. साबणाचा वास आला की जनावर बुजतं, दूध चोरतं, असं म्हणायचात. नुसत्या पाण्यातून काढून वाळत घालायचात. मी तो खिळ्यावरून काढला आणि तोंडाशी धरला. ज्या वासापासून मी पळायचे तो सगळा त्यात होता. त्याची घडी करून मी पिशवीत ठेवते आहे, तेवढ्यात सुदानी चाचा समोर येऊन उभे राहतात. त्यांची नजर पिशवीवर आहे. हळूहळू सांगतात, तुम्ही गेल्यापासून बायो कुणाला जवळ येऊ देत नाही. खात नाही. तिचं पिल्लू लुचायला गेलं की लाथ मारते. पिल्लू दोन दिवसांत जाईल. मग म्हणतात, "बेटी, कमीज दे दो. आज के लिए."

अब्बा, मी लगेच दिला नाही. माझ्याकडे तुमचं दुसरं काय होतं? शेवटी पिल्लाचं ओरडणं ऐकवेना म्हणून दिला. चाचांनी तो आपल्या सदऱ्यावर चढवला, तुमच्यासारखंच भांडं मांडीवर टेकवून एका पायावर उभे राहिले आणि हाक दिली, "बायो." तिने मान खाली केली आणि त्यांच्या खांद्याचा वास घेत राहिली. घेतच राहिली. मग पान्हा सोडला. पिल्लू प्यायलं. मी कुंपणाला धरून रडले, आणि खरं सांगायचं तर त्या मुक्या जनावराचा मला हेवा वाटला.

शर्ट तिथेच राहिला. काही महिन्यांनी पिल्लू मोठं झालं, चाचांची बायोला सवय झाली, आणि एक दिवस अरबाबचा ड्रायव्हर आमच्या दारात उभा. हातात हँगर, त्यावर लॉन्ड्रीचं प्लास्टिक. अरबाबच्या घरच्या बड्या बेगमसाहेबांना कळलं होतं की ही वडिलांची निशाणी मुलीला परत द्यायची आहे. त्यांनी शर्ट धुऊन घेतला, कडक इस्त्री करवली, वर ऊदाची धुरी दिली, जशी त्यांच्या घरच्या माणसांच्या कपड्यांना देतात तशी. केवढा मान दिला त्यांनी तुम्हाला. मी ड्रायव्हरला चहा दिला, शुक्रन म्हटलं, दार लावलं आणि प्लास्टिक फाडलं. कॉलर, काखा, खिसा, सगळीकडे तोंड खुपसून पाहिलं. नुसता ऊदाचा वास येत होता.

तेव्हापासून मी दर आठवड्याला इझब्यावर जाते. सांगते, दूध आणायला जाते, शुगरला चांगलं असतं. मुलगा म्हणतो, "मम्मा, इट्स इन एव्हरी सुपरमार्केट." मी म्हणते, ते ताजं नसतं. खरं तर ते दूध मला कधीच आवडलं नाही. तुम्ही ड्रायव्हरबरोबर बाटल्या पाठवायचात, त्यासुद्धा मी कुंडीत ओतायचे आणि फोनवर सांगायचे, सगळ्यांनी प्यायलं.

आज फ्रीजमधली शेवटची बाटली काढली आणि उभ्यानेच प्यायले. खारट आहे, अब्बा. अजून आवडत नाही.

हे पत्र कुठे टाकणार आहे मी. पण एवढं एक सांगून ठेवते. मी दुधासाठी जात नव्हते. तिच्या मानेला तुमचा वास होता, त्यासाठीही नाही, म्हणजे तेवढ्यासाठीच नाही. चाचा कुंपणापाशी उभे राहून तिला हाक मारायचे. ती हाक ते तुमच्याकडून शिकले होते, शेवटचा ओ तसाच लांबवायचे. ती चघळणं थांबवून सावकाश मान वळवायची. मी मात्र तिच्याआधी वळलेली असायचे.