उसवलेल्या बाह्या

आई, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि आज मी तुझ्यावर भडकले आहे. आता तू उलट बोलणार नाहीस, म्हणून सगळं बोलून घेते.

आंजी गावातल्या आपल्या घरात खिडकीखाली तुझं शिलाई मशीन. मी चौदाची. तूच म्हणाली होतीस, "दिवाळीपर्यंत ब्लाऊज शिक, मंग आठ दिवस मावशीकडे पवनारले जाजो." मी पोळ्यालाच शिकले. अस्तराचा ब्लाऊज, बाहीला एक चुणी नाही. तू तो उलटा करून शिवण ओढून पाहतेस आणि म्हणतेस, "चांगला झाला. पण दिवाळीले टाइम हाये अजून. रिकामी काऊन बसून राह्यली? कॉलर शिकून घे." मी पिशवी भरून ठेवली होती. पवनारला धाम नदीच्या पाण्यात पाय सोडून बसायचं, एवढंच मनात होतं. तू माझे कपडे काढून त्याच पिशवीत कापडाचे तुकडे भरलेस.

मग मीही शहाणी झाले. दुपारी तू अंग टाकलंस की मी जोडलेल्या बाह्या गुपचूप उसवायची आणि तू उठलीस की पुन्हा जोडायला बसायची. लवकर संपवण्याची शिक्षा मला नको होती. तुला वाटलं पोरगी मंद आहे. गिऱ्हाइकांसमोर तसं बोललीसही. मी ऐकून घेतलं, पण उसवणं सोडलं नाही. पुढे नोकरीतही झालेली फाईल मी दोन दिवस खणात ठेवायची.

आता मी साठीची, पिपरी मेघेला मुलाकडे. दिवाळीपर्यंत कार शिकायची, हे माझं मीच ठरवलं. यंदा पोळा झाला आणि शिकवणारा म्हणाला, "काकू, तुमचा हात बसला. आता शिकवाले माह्याजवळ काही नाई राह्यलं." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ही बातमी अगदी ओठावर आली होती, तेवढ्यात सून म्हणते, "आई, गाडी झाली का इंग्रजीचा क्लास लावा. घरी रिकामं बसून काय करता?" तुझंच वाक्य! तिने तर तुला पाहिलेलंही नाही.

एक गोष्ट शिकून झाल्यावर माणसाने चार दिवस नुसतं बसू नये? तू तरी कुठे बसलीस म्हणा. मावशी बोलावून बोलावून थकली, तू एकदाही तिच्याकडे मुक्कामाला गेली नाहीस. तुला कोणी 'बस' म्हटलं नाही, म्हणून तू मलाही म्हणायचं नाही, हा कुठला न्याय?

हे मी पवनारच्या घाटावर लिहिते आहे. पाय पाण्यात आहेत. हे पत्र तुला पोचायचं नाही, तेच बरं. गाडी चालवता यायला लागली, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. रोज गाडीच्या क्लासला म्हणून निघते आणि बसने इथे येते. आज निघताना सुनेने विचारलं, कुठवर आलं शिकणं? मी म्हटलं, "रिव्हर्स काही जमून नाई राह्यला अजून."