आधी श्वास

शुक्रवार, ता. १२

चि. ठेंगूस ताईचे अ. उ. आशीर्वाद.

अक्षर वाकडंतिकडं दिसेल, घाबरू नकोस. मी आणि माझी लेक, दोघी आत्याकडे पोचलोय. फोन मुद्दाम बंद ठेवलाय. यांचे मित्र माग काढतील. म्हणून पत्र.

आज सकाळी हे पिऊनच घरी आले. मी यांचाच सदरा इस्त्री करत होते, बाही जराशी करपली, एवढंच निमित्त. मध्ये आली म्हणून पोरीला लाथेने उडवलं आणि माझा गळा धरला. मारहाण तुला नवी नाही, पण या वेळी डोळ्यांपुढे अंधार आला, पोरीचं रडणंही ऐकू येईना. हातात इस्त्री होती, ती होती-नव्हती तेवढ्या ताकदीने हाणली. हे कोलमडले ते थेट काचेच्या कपाटात. दंड फाटला, रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. मी पोरीला उचललं, शेजाऱ्यांचं दार बडवून माणूस मरतोय म्हणून ओरडले आणि पळाले.

हे जिवंत आहेत की गेले, ठाऊक नाही. गेले असतील तर मी खुनी. आत्या म्हणते, तोंडातून चकार शब्द काढू नकोस. तिला काय, ती घराला आग लागली तरी आधी खिडक्या लावून घेईल.

वेळेवर जेव, उपाशी राहून उंची वाढत नाही. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


शनिवार, ता. १३

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा फोन बंद, घराला कुलूप. आत्याकडेच गेली असशील असं धरून लिहितेय. पत्र मिळताच दोन ओळी टाक, जिवात जीव नाही.

भावजी काल आमच्याच दवाखान्यात आले. दंडाची रक्तवाहिनी तुटलेली, शिवाय तर्र. आणणाऱ्यांनाही त्यांनी मारलं म्हणून सोबत पोलीस होता. कुणी हल्ला केला की आपणच पडले, कुणाला माहीत नव्हतं. भूल देऊन हात शिवला आणि त्यांना माझ्या ड्युटीच्या खोलीत आणलं, जिथे भूल उतरेपर्यंत आम्ही रुग्णांवर नजर ठेवतो. हे माझे मेहुणे आहेत, मला यातून सोडवा, असं मी मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्या बदली माणूस शोधायला गेल्या आणि तेवढ्यात भावजी उठले.

उठले कसले, उसळले. सलाईन उपटलं. आमच्या वॉर्डबॉय मामांच्या तोंडावर लाथ बसली, त्यांचा दात तुटून जमिनीवर पडला. मी वाकले तर चांगल्या हाताने माझा गळा आवळला. पोलीस ओरडत होता की टोचा त्याला, झोपवा एकदाचा. मामाही तेच म्हणत होते. झोपेच्या औषधाची सिरिंज ट्रेमध्ये भरलेली होती. बेचैन झाले तर थोडं द्या, असं डॉक्टरांनीच लिहिलं होतं. मी ती उचलली, ताई. तुझा सुजलेला डोळा आठवला, पोरीचा मोडलेला हात आठवला. दिली असती तर कुणी मला एक शब्द विचारला नसता.

पण त्यांचे ओठ निळे दिसले. घशात घरघर होती. आमचे भूलतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत आलेत की धडपडणारा रुग्ण दर वेळी माजलेला नसतो, कधी कधी तो गुदमरत असतो. आधी श्वास बघा. ओकारी घशात अडकली होती. त्यात झोपेचं औषध गेलं असतं तर उरलासुरला श्वासही थांबला असता.

सिरिंज टाकली. पोलिसाने त्यांची बोटं माझ्या गळ्यावरून एकेक करून सोडवली. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं, मी नळीने घसा साफ केला, जबडा पुढे ओढून धरला, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली. ओठ लाल झाले तसे ते आपोआप शांत झाले.

माझ्यावर रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
ठेंगू


मंगळवार, ता. १६

चि. ठेंगूस अ. उ. आशीर्वाद.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकली. माझं वाचलंस तेव्हा कळलं असेल, त्याला तिथवर पोचवणारी मीच.

खोटं कशाला बोलू? तो वाचला हे वाचून आधी मला तुझाच संताप आला. पत्राचा चोळामोळा केला. रडले, पोरीवर उगाच खेकसले. मग पुन्हा उलगडून वाचलं तेव्हा उमजलं, तू हात आवरला नसतास तर आज आपण दोघी खुनी ठरलो असतो. आणि पोर कुणाकडे गेली असती?

आत्याचं ऐकलं नाही. आज इथल्या ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं, इस्त्रीसकट. तिथल्या पोलीस बाईंनी विचारलं की पुरावा काय. घरात तर कुणी साक्षीदार नव्हता. माझ्या गळ्याचे फोटो मात्र त्यांनी काढून घेतले. माझं कुणी ऐकेल का, देव जाणे.

तुझा गळा कसा आहे? गरम पाणी पी, बडबड कमी कर. जमणार नाही, तरी सांगते.

तुझी,
ताई


शनिवार, ता. २०

ती. ताईस सा. न. वि. वि.

भावजी शुद्धीवर आल्यावर म्हणाले, हात बरा होऊ दे, मग दोघी बहिणींकडे बघतो. मामांनी आपलं फुटकं तोंड पुढे करून विचारलं, आमच्याकडे कधी बघणार? सगळा वॉर्ड हसला. मला हसू आलं नाही.

काल त्या पोलिसाने माझा जबाब घेतला. मी आधीच सांगितलं की गुदमरलेल्या माणसाला आपण काय धरतोय याची शुद्ध नसते, माझ्या गळ्यासाठी मी त्यांच्यावर तक्रार करणार नाही. मग त्याने तुमच्या ठाण्यातून आलेला तुझ्या गळ्याचा फोटो टेबलावर ठेवला आणि मला मान वर करायला सांगितली. तीच चार बोटं, तोच आडवा अंगठा. तो म्हणाला, बेशुद्धीत तुमच्यावर, शुद्धीत त्यांच्यावर. आणि दवाखान्यातली ती धमकी त्याने आपल्या कानांनी ऐकलीय. साक्षीला तो स्वतः उभा राहणार आहे.

उद्या भावजींना दवाखान्यातून सोडतील ते थेट कोठडीत. पोरीला घेऊन ये. माझ्या खोलीत खाट एकच आहे, पण दाराला आतून दोन कड्या आहेत.

वाट बघतेय.

तुझी,
ठेंगू