आभाळातल्या हिऱ्यांबद्दल सरूला

प्रिय सरू,

तुला जाऊन तिसरं वर्ष. आज लिहितोय, कारण मला उद्या सुमनला उत्तर द्यायचं आहे आणि एकट्याला ते सुचत नाही.

ही आपली धाकटी परदेशी शिकायला जायचं म्हणते आहे. कशासाठी, तर आभाळात हिरे शोधायला! "कुणी फसवलं तर न्हाई ना तुला?" मी विचारलं. "आण्णा, तुमी म्हंजे!" म्हणून हसली.

मग ओसरीवर बसून तिने समजावलं. ताऱ्यांमधल्या धुळीत हिऱ्याचे कण असावेत म्हणे. मोहरीच्या दाण्यात मोजता येणार नाहीत इतके मावतील, एवढे बारीक! आभाळातून पडलेल्या दगडांत तसे सापडलेत, आपल्या सूर्याच्याही आधीचे. लांबच्या ताऱ्याचे एक्स-रे धुळीतून आले की काजळी ते एका तऱ्हेने गिळते, हिरा दुसऱ्या. दोन्हींचा मूळ पदार्थ एकच, कार्बन, पण कागदावरच्या आलेखाची रेघ वेगळी वाकते. त्या रेघेवरून हिरा ओळखायचा. अजून पक्कं कुणालाच दिसलेलं नाही. ते हिला बघायचं आहे.

एक्स-रे म्हटलं की मला मिरजेतला तुझ्या छातीचा फोटो आठवतो. डॉक्टर बोटाने दाखवत होते, मला नुसता धूर दिसत होता. त्याच किरणांनी ही पोरगी सूर्याआधीची धूळ वाचणार?

आणि त्या हिऱ्याच्या कुड्या आठवल्या. हिरा सगळ्यांना लाभत नाही, म्हणून सांगलीच्या सराफाने तीन दिवस घरी ठेवायला दिल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी म्हशीचं दूध आटलं आणि मी त्या परत करून आलो. "आवं, म्हस काय हिऱ्यानं आटली व्हय? तुमास्नी भ्यायला कायबी पुरतंय!" एवढंच बोललीस. पुन्हा मागितल्या नाहीस. भांडायचं होतंस गं!

काल भर दुपारी अंगणात उभा राहून वर बघत होतो. रिकामं, निळं आभाळ. तिथे हिरे तरंगतायत, कुणाला लाभतील याची वाट न बघता! आपण दोघं जन्मायच्या, कृष्णा वाहायच्या आधीपासून. माझे हात आपोआप जोडले गेले.

तरी भीती जाते का? विमान, थंडी, परकी माणसं. संध्याकाळी सुमन म्हणाली, "तुमी नको म्हणाला तर न्हाई जाणार." अगदी हळू. सरू, तुझाच आवाज. कुड्या सोडून दिल्यास, तेव्हाचा.

उद्या मी हो म्हणणार. कराडच्या स्टँडवर माझे डोळे भरतील, ते भरू देत. पण बूथवरून रोज फोन करून तिचा जीव खाणार नाही, हा शब्द. काळजी वाटली तर तुला लिहीन.

तुझा,
शंकर