अकरा महिन्यांचा करार

चि. गोमटेश, जय जिनेंद्र.

तू सांगितल्यापरमाणं दोन्ही जागा बघून आलो. विश्रामबागचा गाळा चांगलाच हाय. त्यातली भाडेकरू बँक नऊ वर्षं हलणार न्हाई, भाडं बसल्या जागी खात्यात पडंल. एजंट म्हणाला, "अण्णा, भाडेकरूचं तोंडसुदा बघायला लागणार न्हाई."

तिथंच माझं मन उडालं. मी मिरजेतला जुना फ्लॅट घेतला. भाडं निम्मंच येतंय, पण करार अकरा महिन्यांचा. दर खेपंला नव्या करारावर अंगठा द्यायला भाडेकरू घरी येणार, चहा घेणार, दोन शब्द बोलणार.

तुला फोनवर गाळाच घेतला म्हणून सांगितलंय. हे पत्र कपाटातच ऱ्हाईल.

तू येऊन गेल्याला अडीच वर्षं झाली. तुझ्यासंगंबी करार केला असता, तर दोनदा तरी आला असतास.

तुझे अण्णा